"कार्ड तर तेच आहे ना, मग ड्रायव्हर का चालत नाही?"

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती, त्यामुळे घरातले आणि ओळखीतले जुने लॅपटॉप एकेक करून माझ्याकडे यायला लागले. मशीन धडधाकट आहे, विंडोज ११ त्याला घेत नाही, फेकवतही नाही, मग लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) तरी टाकून दे. टाकून दिलं. बहुतेकांचं पहिल्या फटक्यात सगळं चाललं, आवाज, स्क्रीन, टचपॅड, सगळं. भाचीच्या लॅपटॉपवर मात्र वायफाय दिसेचना. कार्ड कुठल्या कंपनीचं होतं ते नाव लिहीत नाही, पण त्या कंपनीने ह्या चिपसाठी लिनक्सकडे कधी बघितलंच नव्हतं.

भाचीने कपाटातून लॅपटॉपचा मूळ खोका काढला, त्यात ड्रायव्हरची, म्हणजे कार्डाला कामाला लावणाऱ्या सॉफ्टवेअरची, सीडी होती. म्हणाली, "मामा, हा बघ ड्रायव्हर, कंपनीनेच दिलाय, हाच टाक ना." मी म्हटलं अगं तो विंडोजचा आहे. तर म्हणे, "पण कार्ड तर तेच आहे ना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे लिहितोय. एका ऑपरेटिंग सिस्टमसाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसरीत चालवायचा उद्योग गेली तीसेक वर्षं चाललाय आणि त्यात काही ठिकाणी खरंच यश आलंय.

ड्रायव्हर म्हणजे निम्मा चुलीचा, निम्मा कोठीचा

लग्नघरातलं कोठीघर आठवा. साखर, तूप, रवा, भांडी सगळं एका माणसाच्या ताब्यात, किल्ल्या त्याच्या कमरेला. आचाऱ्याला काय हवं ते त्याच्याकडे मागायचं, उरलं ते त्याच्याकडे परत करायचं, आणि पदार्थ झाला की वाढप्यांना हाक मारायची. पंगतीत बसलेल्यांचा भट्टीशी संबंध नाही, कोठीशी पण नाही, त्यांच्या पानात जिलबी पडली की झालं.

कॉम्प्युटरमध्ये ह्या कोठीवाल्याला कर्नल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाला आत सोडायचं, हे सगळं कर्नल बघतो. विंडोजचा कर्नल वेगळा, लिनक्सचा वेगळा, मॅकचा वेगळा, आणि फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी ह्या जुन्या युनिक्स घराण्यातल्या तीन मोफत सिस्टमचे आपापले वेगळे. आचारी म्हणजे ड्रायव्हर, आणि भट्टी म्हणजे हार्डवेअर, आपल्या बाबतीत वायफायचं कार्ड.

आता आचाऱ्याला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एक म्हणजे ही भट्टी कशी पेटते, कुठल्या बाजूने जास्त तापते, किती वेळ थांबावं लागतं, म्हणजे कार्डाच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (कार्डातल्या छोट्या खणात) कुठला आकडा लिहिला की कार्ड जागं होतं, पॅकेट (नेटवर्कवरून येणारा डेटाचा तुकडा) आलं की ते कुठे ठेवतं, ते सगळं. हे ज्ञान कुठल्याही घरात तेच राहतं, इथे भाचीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण दुसरी गोष्ट आहे ह्या घरातली रीत. तूप मागायचं तर कुणाला हाक मारायची, कुठल्या शब्दांत मागायचं, ताबडतोब मिळतं की थांबावं लागतं, पदार्थ कुठल्या भांड्यात काढून द्यायचा. ड्रायव्हरच्या कोडमधला मोठा भाग हा असला असतो, आणि तो प्रत्येक कर्नलचा वेगळा असतो.

एकच उदाहरण देतो म्हणजे कळेल. नेटवर्कचं पॅकेट आलं की ड्रायव्हरने ते कर्नलच्या हवाली करायचं असतं. लिनक्समध्ये त्यासाठीचं भांडं म्हणजे एसकेबफ, ढोबळमानाने एक मोठं पातेलं, पुढेमागे थोडी जागा सोडलेलं. बीएसडी घराण्यात त्याला एमबफ म्हणतात, ती छोट्या छोट्या डब्यांची एकाला एक अडकवलेली साखळी असते. आत माल तोच, पण लिनक्सच्या ड्रायव्हरने पातेलं पुढे केलं तर बीएसडीच्या वाढप्याच्या हातात ते मावतच नाही. मेमरी मागायची रीत वेगळी, कुलपं लावायची रीत वेगळी (दोन जणांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावू नये म्हणून कर्नलमध्ये कुलपं असतात), टायमर लावायची वेगळी. असे शेकडो फरक. आणि नावं बदलून भागत नाही, कारण "हे मागितल्यावर थांबायला लागेल का" ह्याचं उत्तर जर दोन घरांत वेगळं असेल तर ड्रायव्हर मध्येच अडकून सगळं मशीनच गोठतं.

एक गोष्ट मात्र घराघरांत जशीच्या तशी जाते, ती म्हणजे फर्मवेअर. वायफाय कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याच्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो चालतो कार्डावर, त्यामुळे बाहेर कोठी कुणाची आहे ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इंटेलच्या वायफाय कार्डांची फर्मवेअरची फाइल लिनक्स, ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी, हैकू (ही आणखी एक छोटी सिस्टम, पुढे येईल) सगळे तीच वापरतात. ड्रायव्हर आणि फर्मवेअर ह्यात लोकांची नेहमी गल्लत होते म्हणून मुद्दाम सांगितलं.

वाइनमध्ये विंडोजचे प्रोग्राम चालतात की, मग ड्रायव्हर का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. लिनक्सवर वाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात विंडोजचे बरेच प्रोग्राम आणि गेम चालतात, मग ड्रायव्हरनेच काय घोडं मारलंय?

साधा प्रोग्राम म्हणजे पंगतीतला माणूस. तो कर्नलकडे ठरलेल्या विनंत्या करतो, फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज काढ. ह्या विनंत्यांची यादी छापील आहे आणि मायक्रोसॉफ्टने ती वर्षानुवर्षं जपलीय, कारण ती बदलली तर जगातले सगळे जुने प्रोग्राम बंद पडतील. वाइन ह्या विनंत्यांना विंडोजसारखी उत्तरं देतं. आणि काही चुकलंच तर तो एक प्रोग्राम बंद पडतो, बाकी कॉम्प्युटर चालू राहतो.

ड्रायव्हर मात्र भट्टीजवळ उभा असतो. साधारणपणे तो कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो, कुठल्याही मेमरीला हात लावू शकतो, त्याची एक चूक म्हणजे पूर्ण मशीन बंद, ती निळी स्क्रीन आपण सगळ्यांनी बघितलीय. शिवाय कार्डाने "पॅकेट आलं" म्हणून घंटा वाजवली की त्याला हातातलं काम टाकून लगेच धावावं लागतं. अशा माणसाला परक्या घरात उभं करायचं तर नुसतं उत्तरं देऊन भागत नाही, घरच्यासारखी सगळी व्यवस्था हवी.

आणि तरीही हे लोकांनी केलंय.

पहिला मार्ग: त्याला वाटलं पाहिजे आपण आपल्याच घरी आहोत

२००३-०४ चा काळ आठवतोय का कुणाला, लॅपटॉपमध्ये वायफाय नवीन नवीन आलं होतं आणि चिप बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हरही देत नव्हत्या आणि चिपची माहितीही देत नव्हत्या. विंडोजचा ड्रायव्हर मात्र प्रत्येक खोक्यात असायचा. तेव्हा काही जणांच्या लक्षात आलं की विंडोजमध्ये नेटवर्कच्या ड्रायव्हरने कर्नलशी कसं बोलायचं ह्याचे नियम ठरलेले आहेत, त्याला एनडीआयएस म्हणतात. म्हणजे ड्रायव्हर आपल्या कोठीवाल्याकडे काय काय मागू शकतो त्याची यादी तयारच आहे. मग ती यादी घ्यायची, त्यातल्या प्रत्येक मागणीला उत्तर देणारा खोटा विंडोज कोठीवाला लिनक्समध्ये उभा करायचा, आणि ड्रायव्हरची विंडोजची फाइल जशीच्या तशी मेमरीत चढवायची. ह्याचं नाव एनडीआयएस-रॅपर. म्हणजे भाचीने जे सुचवलं नेमकं तेच!

फ्रीबीएसडीमध्ये बिल पॉल ह्यांनी त्याच सुमाराला हेच काम केलं. त्यांनी त्याआधी फ्रीबीएसडीसाठी ढीगभर नेटवर्क ड्रायव्हर हाताने लिहिले होते, म्हणजे सरळ मार्ग त्यांना पक्का माहीत होता. ह्या कामाला नाव पडलं प्रोजेक्ट ईव्हिल, म्हणजे दुष्ट प्रकल्प. आपण काय करतोय ह्याची करणाऱ्यांना पूर्ण कल्पना होती.

चाललं का? चाललं. हजारो लोकांचे लॅपटॉप त्या काळात ह्याच्या जोरावर इंटरनेटला लागले आणि त्या लोकांबद्दल मला आजही आदर आहे. पण अडचणी कुठे आल्या ते बघण्यासारखं आहे. कर्नलच्या आत प्रत्येक कामाला लिहायला एक छोटी पाटी मिळते, तिला स्टॅक म्हणतात. विंडोज ३२ बिटमध्ये ड्रायव्हरला १२ किलोबाइटची पाटी द्यायचं. लिनक्समध्ये ती ८ किलोबाइटची होती आणि त्या काळात काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांनी) मेमरी वाचवायला ती ४ केली. बिचाऱ्या विंडोजच्या ड्रायव्हरला हे कुणी सांगितलेलंच नाही, तो १२ आहेत असं समजून लिहीत सुटायचा आणि पाटीच्या बाहेर, दुसऱ्याच्या वहीवर लिहायचा, की मशीन खलास. म्हणजे यादीतली प्रत्येक मागणी पुरवली तरी जी गोष्ट यादीत लिहिलीच नव्हती, सगळ्यांनी गृहीत धरली होती, तिथे पाय घसरला.

दुसरं म्हणजे कोड बंद. मशीन पडलं तर चूक कुठे आहे ते बघताच येत नाही. आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ३२ बिट कर्नलवरच, ६४ बिट लिनक्स टाकलं की ६४ बिट विंडोजचा ड्रायव्हर शोधा, तो बऱ्याच जुन्या कार्डांना निघालेलाच नव्हता. हळूहळू खरे मोकळे ड्रायव्हर आले आणि हा मार्ग मागे पडला. भाचीच्या सीडीवरचा ड्रायव्हर तर एनडीआयएसच्या बऱ्याच पुढच्या आवृत्तीचा, त्याला उत्तरं द्यायला आज कुणी बसलेलं नाही. हे तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर झालं.

दुसरा मार्ग: कोड उघडा असेल तर आचाऱ्याशी बोलता येतं

कोड उघडा असला की चित्र बदलतं. ड्रायव्हर आपल्या मशीनवर नव्याने कंपाइल करता येतो (मूळ कोडवरून मशीनला चालेल अशी फाइल बनवता येते), गरज पडली तर आत दोन ओळी बदलता येतात, चूक सापडते.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने ओएसकिट काढलं, त्यात लिनक्स आणि फ्रीबीएसडीचे ड्रायव्हर शक्यतो न बदलता उचलले होते आणि भोवती मध्यस्थ कोडचा एक थर लावला होता, त्याला ते ग्लू म्हणायचे, डिंकच. म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याला नवा कर्नल लिहायचा असेल तर ड्रायव्हरसाठी दहा वर्षं घालवायला नकोत.

आज ह्याचं सगळ्यात मोठं चालतं उदाहरण म्हणजे फ्रीबीएसडीमधलं लिनक्सकेपीआय. इंटेल आणि एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर आता इतके अवाढव्य झालेत की लिनक्सशिवाय दुसऱ्या कुठल्या छोट्या टीमने ते पहिल्यापासून लिहिणं अशक्य आहे. लिनक्सचा कर्नल २०२५ मध्ये चार कोटी ओळींच्या आसपास गेला आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरचा आहे, त्यात एकट्या एएमडी ग्राफिक्सचा वाटाच डोळे फिरवणारा आहे. तर फ्रीबीएसडीवाले काय करतात, लिनक्सचा ड्रायव्हर घेतात आणि लिनक्सच्या ज्या ज्या फंक्शनला तो हाक मारतो त्या नावाची फंक्शनं फ्रीबीएसडीच्या पद्धतीने लिहून ठेवतात. ड्रायव्हरला लिनक्सची मेमरी हवी, मिळते, पण आतून ती फ्रीबीएसडीच्या कोठीतून आलेली असते. सुरुवात इन्फिनिबँड ह्या सर्व्हरच्या नेटवर्कसाठी झाली, मग ग्राफिक्स आलं, आणि २०२२ मध्ये फ्रीबीएसडी १३.१ मध्ये इंटेलच्या वायफायचा लिनक्स ड्रायव्हरही ह्याच वाटेने आला.

हैकू नावाची छोटी सिस्टम आहे, बीओएस ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रेमातून लोकांनी उभी केलेली. ती नेटवर्कचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीचे घेते, आणि २०२२ च्या चौथ्या बीटा (चाचणी) आवृत्तीत इंटेलच्या नव्या वायफाय कार्डांसाठी ओपनबीएसडीचे ड्रायव्हर पण घेतले. बीएसडीतून घेणं सोपं कारण तिथल्या आतल्या रीती लिनक्सइतक्या भराभर बदलत नाहीत.

आणि हे फक्त ड्रायव्हरचं नाही बरं का. झेडएफएस ही फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या त्याची व्यवस्था, सन कंपनीने सोलारिस ह्या आपल्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी बनवली. २००५ मध्ये कोड उघडा झाला, २००८ च्या फ्रीबीएसडी ७.० मध्ये ती आली, लिनक्सवर अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबने आणली कारण त्यांना सुपरकॉम्प्युटरसाठी तसली भक्कम साठवण हवी होती. त्यासाठी त्यांनी आधी सोलारिसची कोठी लिनक्समध्ये उभी केली, त्या थराचं नावच सोलारिस पोर्टिंग लेयर. आणि २०२० च्या ओपनझेडएफएस २.० पासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोघांचा कोड एकच झालाय. मला सगळ्यात जास्त आनंद देणारं उदाहरण हेच, कारण जिथे जन्म झाला ती सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलने विकत घेतली आणि संपली, पण तिच्या इंजिनिअरांचं काम दुसऱ्यांच्या घरी नांदतंय.

ह्या मार्गाची किंमत एकच, ती म्हणजे रोजची मेहनत. लिनक्सची आतली रीत दर दोन-तीन महिन्यांनी थोडी बदलते, की इकडचा थर परत जुळवा. फ्रीबीएसडीच्या ग्राफिक्स पॅकेजच्या नावातच ५.१०, ५.१५, ६.१, ६.६ असे लिनक्सच्या आवृत्त्यांचे आकडे असतात, म्हणजे ड्रायव्हर लिनक्सच्या कुठल्या काळातून उचललाय ते. लिनक्स नेहमी दोनचार पावलं पुढे, हे मागून धावतायत. आणि हे धावणं मूठभर माणसं करतात.

तिसरा मार्ग: स्वयंपाकघरच उचलून आणा

आचाऱ्याला नवं घर शिकवायचं नाही, आपल्या घरात खोटी कोठी उभारायची नाही, त्याच्या घराचा लागेल तेवढा भागच उचलून आणायचा, असाही विचार आहे. फिनलंडमध्ये अँटी कांटी ह्यांनी नेटबीएसडीवर हे करून दाखवलं, २०१२ मध्ये त्यावर पीएचडीचा प्रबंधही आला. कल्पना अशी की कर्नल इतक्या नीट तुकड्यांत मांडायचा की कुठलाही ड्रायव्हर आणि त्याला लागणारी तेवढीच कोठी वेगळी काढून साध्या प्रोग्रामसारखी कुठेही चालवता येईल. त्याला ते रंप कर्नल म्हणतात. ड्रायव्हरचा कोड बदलायचा नाही, भोवतीचा थर पण पातळ, फक्त मेमरी, धागे (एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं), वेळ अशा मोजक्या गोष्टी बाहेरून द्यायच्या.

ह्याचा उपयोग कुठे झाला तर ग्नू हर्डमध्ये. हर्ड म्हणजे ग्नू ह्या मोफत सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रकल्पाचा स्वतःचा कर्नल, १९९० पासून चाललाय, आणि ड्रायव्हर नाहीत म्हणून वर्षानुवर्षं अडून होता. आता त्याचे डिस्कचे ड्रायव्हर नेटबीएसडीच्या रंपमधून येतात, साध्या प्रोग्रामसारखे चालतात, २०२५ च्या डेबियन ग्नू हर्डमध्ये तेच आहेत.

ह्याहून सरळ धोपट मार्ग म्हणजे अख्खं दुसरं घरच आणायचं. फ्रीबीएसडीवाल्यांसाठी वायफायबॉक्स नावाचं एक पॅकेज आहे, ते आत एक छोटं अल्पाइन लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) चालवतं आणि वायफायचं कार्ड थेट त्या लिनक्सच्या ताब्यात देतं. लिनक्स वायफायला जोडतं आणि बाहेरच्या फ्रीबीएसडीला साध्या केबलसारखं नेटवर्क देतं. म्हणजे आचारी त्याच्याच घरी रांधतो आणि आपल्याला डबा येतो. क्यूब्स ओएस ही ऑपरेटिंग सिस्टम हेच सुरक्षेसाठी करते, नेटवर्क कार्ड वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंडून ठेवते, म्हणजे वायफायच्या ड्रायव्हरमधून कुणी घुसलं तरी तिथेच अडकावं.

एवढं सोपं असेल तर सगळे हेच का करत नाहीत? एकतर जास्तीची मेमरी लागते, दुसरं म्हणजे कार्ड असं दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला प्रोसेसर आणि मदरबोर्डमध्ये आयओएमएमयू नावाची सोय लागते (कार्डाने फक्त नेमून दिलेल्या मेमरीलाच हात लावावा ह्याचा पहारेकरी), ती बऱ्याच जुन्या स्वस्त लॅपटॉपांत नसते, आणि लॅपटॉप झाकण लावून झोपवला-उठवला की असल्या मशीनमधलं कार्ड नीट जागं होईलच असं नाही.

सगळ्या कंपन्या बसून एकच स्टँडर्ड का करत नाहीत?

केलं होतं. नव्वदच्या दशकात यूडीआय नावाचा प्रयत्न झाला, सन, एचपी, आयबीएम, इंटेल, एससीओ सगळे त्यात होते, १९९९ मध्ये पहिली आवृत्ती आली. ड्रायव्हर एकदा लिहा, कुठल्याही सिस्टमवर कंपाइल करा. गाजावाजा झाला आणि हळूहळू विरून गेलं. मायक्रोसॉफ्टला त्यात रस नव्हता, लिनक्सवाल्यांना भीती होती की कंपन्या मग बंद ड्रायव्हरच देत बसतील.

पण तांत्रिक कारण मला जास्त पटतं. सगळ्यांना चालेल अशी कोठी काढायची म्हटलं की ती कुणाच्याच सोयीची राहत नाही, आणि प्रत्येक कर्नल आतून सुधारायचा म्हटला तरी ह्या करारात अडकतो. लिनक्समध्ये २०१६ च्या डिसेंबरात हा वाद पुन्हा उभा राहिला होता. एएमडीने विंडोज आणि लिनक्स दोन्हींत चालेल असा डिस्प्लेचा कोड दिला, लाखाच्या आसपास ओळी, आणि ग्राफिक्स विभाग सांभाळणारे डेव्ह एअरली ह्यांनी तो तसाच घ्यायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं होतं की मध्ये असा थर टाकलात तर एएमडीबाहेरचा कुणी हा कोड वाचू आणि सुधारू शकणार नाही. एएमडीच्या लोकांनी वर्षभर तो लिनक्सच्या वळणाने घासूनपुसून घेतला आणि मग तो लिनक्स ४.१५ मध्ये आला. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि शेवट चांगला झाला कारण एएमडीकडे त्या कामाला पगारी माणसं होती. छोट्या कंपनीचं काय झालं असतं सांगता येत नाही.

स्टँडर्ड जिथे खरंच जमलं ती जागा दुसरी आहे. कोठीऐवजी भट्टीच सगळीकडे सारखी करायची! पेनड्राइव्ह, कीबोर्ड, वेबकॅम ह्यांना आपण ड्रायव्हर शोधत नाही ना, कारण यूएसबीच्या नियमांत "पेनड्राइव्ह असा बोलेल, कॅमेरा असा बोलेल" हे ठरलंय. प्रत्येक कर्नलमध्ये त्याचा एकेक ड्रायव्हर लिहिला की हजारो कंपन्यांची उपकरणं चालतात. एनव्हीएमई डिस्कचं (नव्या लॅपटॉपमधल्या वेगवान एसएसडीचं) तेच, आणि नव्या प्रिंटरांचंही हळूहळू तेच होतंय. वायफाय आणि ग्राफिक्समध्ये मात्र प्रत्येक कंपनीची भट्टी वेगळी राहिली, आणि रडारड तिथलीच आहे.

निदान लिनक्सने तरी आपली रीत पक्की ठेवावी की!

लिनक्सची प्रोग्रामसाठीची बाजू अगदी पक्की आहे, ती मोडली तर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स कुणाचं ऐकत नाहीत. पण ड्रायव्हरसाठीची आतली बाजू मुद्दाम मोकळी ठेवलीय, आणि त्याचं कारण कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनी कर्नलच्या कागदपत्रांत लिहून ठेवलंय. त्यातलं उदाहरण यूएसबीचं आहे, लिनक्सने यूएसबीचं आतलं काम निदान तीनदा पूर्ण बदललं, प्रत्येक वेळी चुका गेल्या आणि वेग वाढला. जुन्या ड्रायव्हरांना दिलेला शब्द पाळायचा असता तर तिन्ही जुन्या रीती कायम सांभाळत बसावं लागलं असतं. त्यांचा सल्ला एकच, ड्रायव्हर आमच्या झाडात, म्हणजे लिनक्सच्या मूळ कोडात आणा, मग रीत बदलेल तेव्हा बदलणाराच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करून देईल.

हे लिनक्ससाठी छानच आहे. बाहेरच्यांसाठी, म्हणजे फ्रीबीएसडी किंवा आपल्या फोनसाठी, त्रासाचं. अँड्रॉइड फोन दोन-तीन वर्षांत जुना का होतो त्याचं एक मोठं कारण हे, चिपवाल्यांनी ड्रायव्हर लिनक्सच्या एका ठराविक कर्नलला शिवून टाकलेले असतात. गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ट्रेबल आणलं आणि मग अँड्रॉइड १२ पासून सगळ्यांना एकच सामायिक कर्नल आणि त्याची ठरलेली ड्रायव्हरबाजू, ते ह्याच शिवणीवरचा उपाय म्हणून.

लायसनचा काटा

तांत्रिक जमलं तरी कायदा आडवा येतो. लिनक्स जीपीएल लायसनखाली आहे, कोड घ्या पण तुमचाही त्याच अटींवर द्या. बीएसडीचं लायसन सैल, घ्या आणि काहीही करा, फक्त मूळ लेखकाचं नाव ठेवा. त्यामुळे बीएसडीकडून लिनक्सकडे कोड सहज जातो, उलटा येत नाही. २००७ मध्ये ओपनबीएसडीच्या एका वायफाय ड्रायव्हरमध्ये लिनक्सचा जीपीएल कोड सापडला, बराच वाद झाला आणि शेवटी तो ड्रायव्हरच काढून टाकला. चिप तीच, दोन्हीकडचे लोक फुकट राबणारे, आणि तरी काम वाया गेलं, ह्याचं वाईट वाटतं. लिनक्सचे ग्राफिक्स ड्रायव्हर बीएसडीत जाऊ शकले कारण त्यातला बहुतेक कोड एमआयटी लायसनचा आहे, आणि इंटेलचा वायफाय ड्रायव्हर दोन्ही लायसनखाली दिलेला आहे. हार्डवेअर कंपन्यांकडून मला मागायचं असेल तर हेच मागेन, दुहेरी लायसन. वेगळा खर्च फारसा नाही, लायसनची एखादी ओळ.

मग स्वदेशी ओएसमध्ये स्वदेशी काय?

आपल्याकडे सी-डॅकचं बॉस लिनक्स आलं, २०२३ मध्ये आयआयटी मद्रासकडून भारओएस आलं, की लोक लगेच म्हणतात हे तर डेबियन लिनक्स आहे, हे तर अँड्रॉइड आहे, नाव बदललं फक्त. वर जे सांगितलं त्यावरून लक्षात येईल की कर्नल पहिल्यापासून लिहिणं हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे, चांगले विद्यार्थी छोटा कर्नल एका सेमिस्टरमध्ये लिहितात. अडतं ते ड्रायव्हरपाशी. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर चालायचं तर कोट्यवधी ओळींचं दुसऱ्यांनी केलेलं काम घ्यावंच लागतं, हर्डने तीस वर्षं त्याची किंमत मोजलीय. त्यामुळे लिनक्सवर उभं राहण्यात लाज काहीच नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे, की आपण वापरतो त्या ड्रायव्हरांतल्या चुका दुरुस्त करून आपली माणसं मूळ लिनक्सकडे परत किती पाठवतात.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरवलंय त्यांच्यासाठी

आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं सुरू करून बघा, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, झाकण लावून परत उघडणं, एवढं तपासा. एखादी गोष्ट चालली नाही तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) lspci -nn ही कमांड देऊन कार्डाचं नाव आणि आकडे काढा आणि त्या आकड्यांनी शोधा, लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं टाकलेली असतात.

भाचीच्या कार्डासाठी कुणीतरी स्वतःहून लिहिलेला ड्रायव्हर मिळाला, लिनक्सच्या झाडाबाहेरचा. टाकला, वायफाय सुरू झालं, ती खूश. तीन आठवड्यांनी अपडेटमध्ये नवा कर्नल आला आणि ड्रायव्हर कंपाइल होईना, आतल्या एका फंक्शनची रीत बदलली होती. मी ती ओळ शोधून दुरुस्त केली आणि त्या लेखकाला पाठवली, त्यांनी दोन दिवसांत ती घेतली पण. पण दर अपडेटला हे तिला एकटीला जमणार नाही, म्हणून लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून साडेसहाशे रुपयांचं सेकंडहँड इंटेलचं कार्ड बसवलं, ज्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या आतच आहे. जुनं कार्ड माझ्या टेबलावर एका जुन्या मशीनमध्ये लावून ठेवलंय, नवा कर्नल आला की त्या माणसाचा ड्रायव्हर त्यावर कंपाइल करून बघतो आणि काय झालं ते त्याला कळवतो.